भगिनीमंडळाचे दफ्तर

मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकच्या पुढे, बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे निफाड तालुक्यातले जुने गाव. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला आणि परगावच्या माणसाच्या लेखी गावाची ओळख त्या कारखान्यापाशीच येऊन थांबली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात जो कोणी संध्याकाळी येथील विहाराकडे वळेल, त्याला मात्र निराळेच ओझर भेटते. घरची भाकर-भाजी उरकून, पांढरी पातळे नेसून बायका सतरंजीवर बसलेल्या असतात. एकजण ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचीत असते, बाकीच्या ऐकत असतात. आणि वाचन संपले की वर्गणीची वही उघडते. ही वही पाहताना मला दर वेळी दूरदेशीच्या दोन संस्थांची आठवण होते.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली ‘अल्फा काप्पा अल्फा’ आणि १३ जानेवारी १९१३ रोजी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ असे दोन भगिनीसंघ स्थापिले. दुसऱ्या संघाच्या संस्थापिका अवघ्या बावीस. दोन महिने उलटण्यापूर्वीच, ३ मार्च रोजी स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मिरवणुकीत त्या सामील झाल्या. त्याच मिरवणुकीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, असा आग्रह मताधिकार मागणाऱ्या गौरांगनांनीच धरला होता. या संघांचे वैशिष्ट्य असे की, पदवी हाती पडल्याने सभासदत्व संपत नाही, उलट तेथूनच ते खऱ्या अर्थाने सुरू होते. गावोगावी माजी विद्यार्थिनींच्या शाखा असतात आणि शिष्यवृत्त्यांपासून मतदार-नोंदणीपर्यंतची कामे त्या आयुष्यभर वाहतात. १९३५ पासून पुढे कित्येक उन्हाळे अल्फा काप्पा अल्फाच्या भगिनी मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात जाऊन शेतमजुरांच्या मुलांना घटसर्पाच्या लसी टोचीत होत्या. ज्या १९१३ साली डेल्टा संघ जन्मला, त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. आणि त्याच्याही चाळीस वर्षे आधी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले होते. तेव्हा हे नाते मी आज ओढून-ताणून जोडीत आहे, असे कोणी समजू नये.

परंतु ते भगिनीसंघ आणि आमच्या दलित स्त्रियांची मंडळे, या दोहींत एक मोठा भेद आहे. तेथे आधी विद्यापीठ होते, मग भगिनीसंघ झाला. आमच्याकडे भगिनी आधी एकत्र आल्या, आणि त्यांच्या लेकींना शाळा-वसतिगृह मिळावे म्हणून पुढची सारी खटपट झाली. अक्षरशत्रू म्हणून जिची गणना व्हायची, तीच बाई शिक्षणाची पहिली आश्रयदाती ठरली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे ३ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाची जी पहिली तुकडी चारही दरवाज्यांवर जाऊन बसली, तीत १२५ पुरुषांबरोबर २५ स्त्रिया होत्या. मंदिराचे दरवाजे बंद राहिले. घराचा उंबरा मात्र त्या पंचवीसजणींनी ओलांडला होता, आणि माझ्या मते नाशिक जिल्ह्यातील दलित स्त्रियांच्या संघटनेचा इतिहास त्याच दिवसापासून मोजावा.

नागपूरकडे काम अधिक पुढे गेले होते. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी एका मिशनरी बाईंच्या मदतीने लिहिणे-वाचणे शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि त्यांचा स्पर्श सवर्णांना खपेना तेव्हा त्यांनी १९२२ साली संत चोखामेळा यांच्या नावाने स्वतःच मुलींची शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषद नागपुरास भरली. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. वॉशिंग्टनची ‘मागे चाला’ आणि नागपूरची ‘बाजूला बसा’, या दोन आज्ञांत अंतर आहे ते केवळ भाषेचे. जाईबाई व त्यांच्या सोबतिणींनी या अपमानाचा जाहीर निषेध केला. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली, तिला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया उपस्थित होत्या. ठराव कोणते? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, गिरणीतील स्त्री-कामगारांना वर्षाकाठी एकवीस दिवसांची किरकोळ रजा. प्रतिष्ठित महिलामंडळे भरतकामाच्या वर्गांत रमली होती, त्या काळचे हे ठराव आहेत.

आमच्या जिल्ह्याला या परंपरेचे सुशिक्षित रूप दिसले ते शांताबाई दाणी यांच्यात. नाशिकच्या खडकाळीत दारिद्र्यात वाढलेल्या शांताबाई पदवीपर्यंत पोहोचल्या, नाशिकचे दलित पुढारी दादासाहेब गायकवाड यांच्या सोबतीने चळवळीत पडल्या, भूमिहीनांच्या सत्याग्रहात वावरल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेवर होत्या. पण मला त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य वाटते ते बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई आंबेडकर यांच्या नावाने त्यांनी नाशकात चालविलेले मुलींचे छात्रालय. या नावामागे एक कथा आहे. धारवाडला बाबासाहेबांचे सहकारी वराळे यांच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा तेथे पाहुण्या असलेल्या रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगतात. वसतिगृह मुलांचे होते. बांगड्या देणारीला शाळा लाभली नव्हती. आणि तिच्या नावाच्या छपराखाली पुढे मुली शिकल्या.

या साऱ्याचे दफ्तर कोठे आहे, असे विचाराल तर उत्तर अवघड आहे. भगिनीसंघांची इतिवृत्ते छापून निघतात, जपली जातात. आमच्या मंडळांची इतिवृत्ते बायकांच्या स्मरणात राहिली आणि त्यांच्याबरोबरच जाऊ लागली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या चळवळीतल्या वृद्ध कार्यकर्त्रींच्या दारी जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला, म्हणून एवढे तरी हाती लागले. सरकारी जमाबंदीत महाराच्या वतनाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक होत असे. त्याच घरच्या सुनेच्या नावाला मात्र एक ओळही मिळाली नव्हती.

गेल्या श्रावणात ओझरच्या त्या विहारात वाचन करणारी मुलगी महाविद्यालयातली होती; वाचता वाचता तिने एक ओळ गाळली. लगेच भिंतीला टेकून बसलेली म्हातारी म्हणाली, “बाई, मधलं राह्यलं.” या म्हातारीला अक्षरओळख नाही, वर्षानुवर्षे ऐकून तिला ते पान पाठ झाले आहे. मुलीने बोट मागे नेले, ओळ सापडली, वाचन पुढे चालू झाले. नंतर वही आली. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात रक्कम, तिसऱ्यात सही. म्हातारीने पदराची गाठ सोडून दहाच्या दोन नोटा दिल्या आणि तिसऱ्या रकान्यासाठी अंगठा पुढे केला. शाईचा पॅड त्या दिवशी कोरडा पडला होता, तेव्हा मुलीने पेनाची शाई त्याला फासली.