मीरतच्या कोतवालीतील सोने

एखाद्या माणसास पोलिसांनी संशयावरून पकडले आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिले, तर त्याला न्याय मिळाला असे म्हणावयाचे काय? सामान्य व्यवहारात आपण तसेच म्हणतो. ‘सुटला बिचारा’ एवढे उद्गार काढून शेजारीपाजारी आपापल्या कामाला लागतात. परंतु कोठडीत काढलेली रात्र, चारचौघांत गेलेली अब्रू आणि बुडालेला धंदा ह्यांचा हिशेब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न सुटकेने सुटत नाही. कोठडीचे दार उघडण्याचा उपाय कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक होता. नुकसान भरून देण्याचा उपाय सापडावयास मात्र स्वराज्य आल्यावरही छत्तीस वर्षे जावी लागली. त्या विलंबाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा येथे हेतू आहे.

फाळणीच्या धामधुमीतील गोष्ट. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी मीरतला आला. २० सप्टेंबर १९४७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तो फ्राँटियर मेलने उतरला आणि चौपला बाजारातून जात असता तीन शिपायांनी त्याला हटकले. जवळचा माल चोरीचा असावा ह्या संशयावरून त्याची झडती झाली, त्याला कोतवालीत नेण्यात आले व रात्री कोठडीत ठेवण्यात आले. त्याच्यापाशी १०३ तोळे ६ मासे १ गुंज सोने आणि २ मण साडेसहा शेर चांदी होती. ती सर्व जप्त झाली. दुसऱ्या दिवशी त्याची जामिनावर सुटका झाली आणि काही काळाने चांदीही परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही. ते ज्या मालखान्यात ठेवले होते, तो ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होता, तोच ते घेऊन ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात निघून गेला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. सोने द्या, नाहीतर त्याची किंमत ११,०७५ रुपये १० आणे व्याजासह द्या, एवढीच मागणी होती. कोठडीत काढलेल्या रात्रीबद्दल त्यात एक पैदेखील मागितली नव्हती, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. रात्रीची किंमत मागता येते, ही कल्पनाच त्या काळी दूरची होती. सोन्याची निदान तोळ्यामाशांत मोजदाद होती. पहिल्या न्यायालयाने दावा मान्य केला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि प्रकरण दिल्लीस सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

सरकारचा बचाव समजून घ्यावयाचा तर शंभर वर्षे मागे, कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत जावे लागते. ऑगस्ट १८५९ मध्ये पेनिन्शुलर अँड ओरिएंटल ह्या आगबोट कंपनीची घोडागाडी त्या सरकारी गोदीतून जात होती. काही मजूर आगबोटीच्या धुराड्याचा एक अवजड लोखंडी भाग वाहून नेत होते. तो त्यांच्या हातून खाली आदळला, आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांची भरपाई मागितली. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक ह्या मुख्य न्यायाधीशांनी ती मंजूर केली. परंतु मंजूर करताना त्यांनी एक भेद सांगितला. गोदी चालविणे हे खाजगी व्यापाऱ्यालाही करता येण्याजोगे काम आहे. त्यात नोकराचा निष्काळजीपणा झाला तर सरकारने भरपाई द्यावी. उलट, जे काम केवळ सार्वभौम सत्तेलाच करता येते, त्यातील चुकीबद्दल सरकारवर दावा चालणार नाही.

एका घोड्याच्या जखमेवरून निघालेला हा भेद पुढे शंभर वर्षे माणसांच्या जखमांना लागू पडत राहिला. १८५८ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या जबाबदाऱ्या राणीच्या सरकारकडे आल्या होत्या. त्यानंतरच्या प्रत्येक कायद्याने ‘पूर्वी होते तसेच’ असे म्हणत त्या पुढे चालविल्या. आणि आपल्या संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदानेही, संसद वा विधिमंडळ वेगळा कायदा करीपर्यंत, तीच स्थिती कायम ठेवली. पहिल्या विधी आयोगाने १९५६ साली आपल्या पहिल्याच अहवालात हा विषय घेऊन नवा कायदा सुचविला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढेही टाकले. उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाच्या बेफिकिरीने एक पादचारी मरण पावला होता. त्याच्या कुटुंबाला राजस्थान सरकारने भरपाई द्यावी, असा निकाल झाला. तेव्हा मीरतच्या पेढीलाही आशा वाटली असल्यास नवल नाही.

२९ सप्टेंबर १९६४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांनी दिला. साताऱ्यात जन्मलेले हे न्यायाधीश कामगारांच्या हक्कांविषयीच्या निकालांमुळे ख्यातनाम होते. पोलिसांनी कसूर केली, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. इतके मोलाचे सोने नियमाप्रमाणे सरकारी खजिन्यात जावयास हवे होते. ते मालखान्यात पडू दिले गेले. परंतु अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे ह्या सर्व सत्ता कायद्याने दिलेल्या, सार्वभौम स्वरूपाच्या. म्हणून त्या वापरताना झालेल्या हयगयीबद्दल राज्य जबाबदार नाही. दावा बुडाला. जीप चालविणारा चुकला तर राज्याने द्यावे आणि पोलीस चुकला तर देऊ नये, असा ह्या दोन निकालांचा एकत्र अर्थ झाला. आणि जो न्याय सोन्याला, तोच देहाला! माल जप्त करण्याची सत्ता सार्वभौम असेल, तर माणूस कोंडण्याची सत्ता त्याहून कमी सार्वभौम कशी ठरावी?

गजेंद्रगडकरांना ह्या निकालाचे समाधान नव्हते, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्याची वस्तू कायद्याच्या नावाने घेतली, त्यालाच कायद्यापुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागते, ही स्थिती बरी नव्हे. विधिमंडळांनी आता ह्याचा गंभीर विचार करावा, असे त्यांनी निकालपत्रातच सुचविले. १९६५ व १९६७ साली लोकसभेत विधेयके आलीही. कायदा मात्र झाला नाही.

येथे कोणी विचारील, की नागरिकाच्या स्वातंत्र्याची हमी संविधानात नव्हती काय? होती, आणि ती सहजासहजी आलेली नव्हती. व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीवर सोपविले गेल्याने संसदेला मोकळे रान मिळाले, ही अस्वस्थता संविधानसभेत अनेकांना होती. तिचे काही परिमार्जन व्हावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये नवे कलम मांडले. तोच आजचा २२ वा अनुच्छेद. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे नियम फौजदारी संहितेतून उचलून मूलभूत हक्कांत बसविले गेले. ह्याखेरीज ३२ व २२६ ह्या अनुच्छेदांनी देहोपस्थितीचा आदेश, म्हणजे हेबिअस कॉर्पस, मागण्याची वाट दिली. कोंडलेल्या माणसाला आमच्यापुढे आणा आणि का कोंडले ते सांगा, असे न्यायालयाने अंमलदाराला फर्मवावयाचे. उपाय थोर खरा. पण तो दार उघडतो आणि तेथेच थांबतो.

तो उपायदेखील १९७६ साली हिरावला गेला. आणीबाणीत राष्ट्रपतींचा आदेश जारी असता बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही हा अर्ज चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ठरविले. विरोधी मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना ह्यांचे. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहील असे केले, आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरविला. परंतु आणीबाणी संपल्यावरही भरपाईविषयीची सरकारी वृत्ती पालटली नाही. एप्रिल १९७९ मध्ये भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हा बेकायदा अटकेबद्दल राज्याकडून भरपाई मागण्याचा हक्क भारतीय कायद्यात नाही, असे लेखी कळवूनच तो स्वीकारला.

नंतर बिहारमधील एका कैद्याचे प्रकरण आले. मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी त्याला निर्दोष सोडले होते. तुरुंगाबाहेर तो आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतरची चौदा वर्षे त्याने गजाआड काढली! तो वेडसर होता, असा खुलासा करण्यात आला; न्यायालयाला तो पटला नाही. अर्जाची सुनावणी होईपर्यंत तो सुटला होता, म्हणजे देहोपस्थितीच्या आदेशाचे काम संपले होते. जुन्या रीतीने अर्ज निकाली काढून त्याला दिवाणी दाव्याची वाट दाखविता आली असती. १ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड ह्यांनी तसे केले नाही. केवळ सुटकेचा हुकूम देऊन थांबलो तर स्वातंत्र्याच्या हक्कात अर्थ उरणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देण्याचा हुकूम बिहार सरकारला केला, आणि ह्याहून अधिक मागण्यासाठी दिवाणी दाव्याचा मार्गही खुला ठेवला. चौदा वर्षांची ही किंमत तुटपुंजी होती, ह्यात वाद नाही. परंतु कोंडलेल्या दिवसांना किंमत असते आणि ती राज्याने द्यावयाची असते, हे ह्या देशात ह्या निकालाने प्रस्थापित झाले. १९७६ चे न्यायमूर्ती चंद्रचूड आणि १९८३ चे सरन्यायाधीश चंद्रचूड ह्या दोघांना एकाच मापाने मोजणे कठीण आहे; इतिहासाने दोन्ही गोष्टींची नोंद ठेवावी.

ह्यानंतरची पावले झपाट्याने पडली. सप्टेंबर १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग विधानसभेच्या अधिवेशनास श्रीनगरला जात असता त्यांना वाटेत पकडले, आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे न करताच त्यांच्या कोठडीचे हुकूम मिळविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये देवविले. १९९३ साली नीलाबती बेहेरा प्रकरण आले. ओरिसातील एका तरुणाला पोलिसांनी नेले व दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर सापडले. आईने लिहिलेले पत्रच न्यायालयाने अर्ज म्हणून घेतले. १,५०,००० रुपयांची भरपाई देवविताना मीरतच्या निकालाचे कोडेही सुटले. सार्वभौम सत्तेचा बचाव दिवाणी दाव्यात चालला तर चालो. मूलभूत हक्काचा भंग घेऊन नागरिक ३२ वा २२६ व्या अनुच्छेदाखाली आला, की तेथे त्या बचावाला जागा नाही. १९९४ साली जोगिंदरकुमार प्रकरणात, अटक करण्याची सत्ता असणे वेगळे आणि अटकेला समर्थन असणे वेगळे, असे बजावले गेले. आणि डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेसंबंधी ११ नियम घालून दिले गेले.

आज एखाद्यास आपली अटक अन्यायाची वाटली, तर त्याच्यापुढे ह्या इतिहासाने खुल्या केलेल्या वाटा अशा आहेत. कोठडीत असेतो जामीन किंवा देहोपस्थितीचा अर्ज. सुटल्यावर उच्च न्यायालयाकडे २२६ व्या अनुच्छेदाखाली भरपाईची मागणी. खोट्या कैदेबद्दल दिवाणी दावा, ज्याची मुदत कैद संपल्यापासून एकच वर्ष आहे. आणि १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार, तीही वर्षाच्या आत. २४ तासांचा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. तिच्यात निष्कारण अटकेबद्दल भरपाईचे एक कलमही आहे. पण तिची कमाल मर्यादा १,००० रुपये, आणि ती द्यावयाची कोणी, तर ज्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी अटक केली त्याने. राज्याचे नाव त्यात नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांसाठी राज्यावर बंधनकारक अशी भरपाईची योजना सुचविली होती. २०२३ मध्ये संहिता नव्याने रचताना तिला स्थान मिळाले नाही.

म्हणजे १९५६ चा अहवाल, १९६४ ची सूचना आणि २०१८ चा अहवाल अशा तीन हाकांनंतरही विधिमंडळ स्वस्थच आहे. जे काही मिळाले ते न्यायालयांनी एकेका प्रकरणात दिले. ते मोलाचे आहे. पण जे न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असते ते ज्याला वकील मिळतो, उच्च न्यायालयाची पायरी चढता येते, त्याच्याच पदरी पडते. मुझफ्फरपूरच्या कैद्याला चौदा वर्षे कोणी विचारले नाही, ह्याचे कारण हेच. सुटका ही राज्याची मेहेरबानी नव्हे आणि भरपाई ही न्यायालयाची भीक नव्हे. दोन्ही एकाच हक्काची अंगे आहेत, हे कायद्याच्या पुस्तकात रुपयांच्या आकड्यासह आणि राज्याच्या नावासह जोवर लिहिले जात नाही, तोवर ‘सुटला बिचारा’ एवढ्यावरच समाधान मानण्याची पाळी आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते.