दर उन्हाळ्यात एसीचा गॅस ‘संपतो’ कसा? मालवण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे वाचाच

मे महिना. मुंबईची मंडळी गावी आलेली, होमस्टेच्या खोल्या भरलेल्या आणि नेमका तेव्हाच एसी नुसता वारा फेकायला लागतो. मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो, भरून जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. तुमचं घर तारकर्ली, देवबाग किंवा वायरीसारख्या समुद्रालगतच्या गावात असेल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल.

गॅस खरंच संपतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमधून सोडतो. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

किनाऱ्यावर हा त्रास जास्त का?

बाहेरच्या युनिटमध्ये सहसा तांब्याच्या नळ्या आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्यावर बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. दोन वेगळे धातू आणि खारट ओल एकत्र आली की अॅल्युमिनियम झिजू लागतं. पट्ट्यांवर पांढरी पूड धरते, त्या हाताने चुरतात. उष्णता बाहेर जात नाही. कालांतराने नळ्या आणि जोडही खराब होऊ शकतात.

बिघाड कसा ओळखाल?

• नळीच्या जोडाजवळ तेलकट डाग : गळतीची शक्यता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं.
• आतल्या कॉइलवर बर्फ : एसी बंद करा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुऊन वाळवा. तरीही बर्फ धरला, तर गॅस कमी असू शकतो.
• खोलीत पाणी ठिबकणं : बहुतेकदा पाण्याचा पाइप शेवाळाने तुंबलेला असतो किंवा त्याला उतार नसतो.
• नळीवर घाम : नळीवरचं फोमचं आवरण फाटलेलं असतं.

दुरुस्ती कशी करून घ्यावी?

आधी गळती शोधायला सांगा. नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावतात. बुडबुडे आले की जागा सापडते. ती दुरुस्त झाल्यावर पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओल काढायची, मग कंपनीने युनिटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरायचा. जोड गळत असेल, तर काम सोपं असतं. कॉइल जागोजागी झिजली असेल, तर ती बदलणंच परवडतं. अनेक नव्या एसींमध्ये असलेला आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम घरी करून पाहू नका.

गळती तशीच ठेवून एसी चालवला, तर कॉम्प्रेसर तापतो. तो जळाला, तर खर्च गॅस भरण्यापेक्षा कितीतरी जास्त येतो.

घरच्या घरी काय करता येईल?

मेन स्विच बंद करून महिन्यातून एकदा बाहेरचं युनिट गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर ते वापरू नका. फिल्टर दर पंधरवड्याला साफ करा. नवा एसी घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का ते पाहा आणि बाहेरचं युनिट शक्यतो समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर बसवू नका.

आणि पुढच्या वेळी ‘गॅस संपलाय’ असं ऐकलं, की पैसे देण्याआधी एवढंच विचारा : गळती कुठे सापडली?