गव्हाचे दोन वाण एकमेकांपासून किती वेगळे, हे कसं मोजतात?

श्रीगोंद्याच्या किराणा दुकानात गहू नावाने मागितला जातो. लोकवन, शरबती, खपली. नाव वेगळं म्हणजे गहू वेगळा, असं आपण धरून चालतो. नवा वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला मात्र एवढ्यावर विसंबता येत नाही.

लोकवनचंच बघा. याचं खरं नाव 'लोक-१'. गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यात सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तो तयार झाला. त्याचे आईबाप सोनालिका आणि छोटी लर्मा. हे दोन्ही वाण मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हाच्या पैदाशीतून निवडलेले. हरितक्रांतीनंतरच्या बहुतेक भारतीय वाणांत याच घराण्याचा अंश आहे. त्यामुळे दहा वाणांची नावं दहा असली, तरी आजोबा एकच असू शकतो.

यात धोका आहे तो तांबेऱ्याचा. राय या धान्याकडून गव्हात आलेलं 'एसआर-३१' हे जनुक काळ्या तांबेऱ्याला अडवायचं, म्हणून जगभरच्या वाणांत ते घेतलं गेलं. १९९८ साली युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा आढळला. तोच 'यूजी-९९'. एका जनुकावर उभी असलेली कितीतरी देशांची पिकं एकाच वेळी धोक्यात आली. महाराष्ट्राच्या उबदार हवेत काळा तांबेरा चांगलाच पोसतो आणि त्याचे बीजाणू निलगिरी, पळणीच्या डोंगरांतून वाऱ्यावर येतात. म्हणजे युगांडाची गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

मोजणीची जुनी पद्धत शेतातली. समजा, ५० वाण एकाच रानात पेरले. प्रत्येकाची उंची, ओंबी निघायला लागलेले दिवस, फुटवे, ओंबीतले दाणे, हजार दाण्यांचं वजन अशी मापं घेतली. आता फरकांची नुसती बेरीज करून भागत नाही. उंच वाण बहुधा उशिराही येत असेल, तर तोच फरक दोनदा मोजला जातो. ही अडचण सोडवली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी, आणि तीही गव्हासाठी नव्हे! १९२० साली नागपूरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं अभ्यासायला सुचवलं. त्या कामातून पुढे १९३६ साली 'डी-वर्ग' अंतर प्रसिद्ध झालं. एकमेकांशी बांधलेल्या गुणांचा हिशेब त्यात आपोआप जुळवला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासह देशभरच्या कृषी विद्यापीठांत ही पद्धत आजही वापरतात.

पण शेतातलं माप हवामानाबरोबर हलतं. कांदा किंवा ऊस निघाल्यावर डिसेंबरअखेर पेरलेला गहू उन्हात सापडतो, लवकर पिकतो आणि दाणा बारीक राहतो. वाण तोच, आकडे वेगळे. म्हणून आता डीएनएही वाचतात.

चपातीच्या गव्हात तीन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र आहेत, ४२ गुणसूत्रं. डीएनएची अक्षरं सुमारे १६ ते १७ अब्ज, माणसाच्या पाचपट. सगळी वाचत बसण्यापेक्षा हजारो ठरावीक जागा तपासतात. एका जागी ५० पैकी २५ वाणांत एक अक्षर आणि २५ वाणांत दुसरं असेल, तर विविधता ०.५ धरतात. म्हणजे हाताला येतील ते दोन वाण उचलले, तर त्या जागी ते वेगळे निघण्याची शक्यता साधारण निम्मी. ४५ आणि ५ अशी वाटणी असेल, तर हाच आकडा ०.१८ वर येतो. सगळ्या जागांची सरासरी काढली की संग्रह किती एकसुरी झालाय ते कळतं. कोणत्या दोन वाणांत किती जागी फरक आहे, हे मोजून त्यांची वंशावळही मांडता येते. त्यावरून कोणाचा संकर करायचा ते ठरतं.

बियाणं जपतानाही हे माप लागतं. राष्ट्रीय जनुकपेढीतले गव्हाचे २२ हजारांहून अधिक नमुने हिसारला पेरून तपासले गेले आणि त्यांतून सुमारे २,२०० नमुन्यांचा छोटा संच निवडला गेला. इतक्यातून आईबाप निवडणं निदान माणसाच्या आवाक्यातलं आहे.

अंतर जास्त म्हणजे संकर चांगलाच, असंही नाही. खपलीत २८ गुणसूत्रं असतात. चपातीच्या गव्हाशी तिचा संकर केला, तर पहिल्या पिढीत ३५ येतात आणि दाणे फारसे भरत नाहीत. पुढे अनेक पिढ्या निवड करावी लागते. तरीही ही खटपट झाली. सांगली-सातारकडे खिरीसाठी जपलेली ही खपली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्याच्या बारा गव्हांच्या संचात घेतली, तिथेही 'खपली' याच नावाने. तिच्यात मिळालेलं 'एसआर-१३' हे जनुक यूजी-९९ विरुद्ध काम करतं.