मॉडिफाय केलेली, लाखभर किलोमीटर पळालेली गाडी विकताय? किंमत अशी ठरवा आणि ‘या’ चुका टाळा

‘स्टेज 1 रिमॅप, फुल एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग, 17 इंची अलॉय. अडीच लाखांचं काम केलंय. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.’

सोशल मीडियावरच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये अशा जाहिराती सतत दिसतात. खाली कमेंटमध्ये ‘लास्ट प्राइस?’ विचारणाऱ्यांची रांग लागते, पण गाडी काही विकली जात नाही. महिन्याभराने तीच जाहिरात पन्नास हजारांनी कमी किमतीत पुन्हा येते.

असं का होतं? हौसेने तयार केलेल्या गाडीची किंमत नेमकी कशी ठरवायची? आणि अशी गाडी विकल्यानंतरही मूळ मालक कायद्याच्या कचाट्यात कसा सापडू शकतो? सोप्या भाषेत समजून घेऊया.

उदाहरण म्हणून ‘पोलो जीटी टीएसआय’ का?

पोर्शे किंवा फेरारी घेणारे आपल्याकडे मोजकेच. बहुतेक हौशी चालकांची ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे छोटी पण दमदार हॅचबॅक किंवा सेडान. त्यातलं एक लाडकं नाव म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय.

2013 मध्ये आलेल्या या गाडीत 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. ताकद 105 पीएस, टॉर्क 175 न्यूटन मीटर आणि सोबत सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. त्यामुळे आज ही गाडी हवी असेल, तर जुन्या बाजारातूनच घ्यावी लागते.

या इंजिनाची ताकद सॉफ्टवेअर बदलून वाढवता येते. त्यामुळे जुन्या बाजारात मॉडिफाय केलेल्या पोलो बऱ्याच दिसतात. पण अनेक खरेदीदार शोधत असतात ‘कंपनी कंडिशन’ गाडी, म्हणजे शोरूममधून निघाली तशी. मॉडिफाय केलेल्या गाडीच्या किमतीची गोम इथेच आहे.

मॉडिफिकेशनचे पैसे परत का मिळत नाहीत?

पहिलं कारण म्हणजे आवड. तुम्हाला एक्झॉस्टचा आवाज आवडतो, पण समोरच्याच्या घरी आई-वडील आणि लहान बाळ असू शकतं. बदल जितका वैयक्तिक, तितके ग्राहक कमी.

दुसरं कारण म्हणजे संशय. रिमॅप केलेली गाडी दिसली की खरेदीदाराच्या मनात पहिला विचार येतो, ‘ही गाडी जोरात हाणलेली असणार.’ टॉर्क वाढला की क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवरचा ताण वाढतो. तुम्ही गाडी कितीही जपून चालवली असली, तरी कागदावर पुरावा नसेल तर खरेदीदार वाईटात वाईट शक्यता धरूनच किंमत सांगतो.

तिसरं कारण म्हणजे मजुरी. रिमॅप, फिटिंग आणि ट्युनिंगवर गेलेला पैसा गाडीतून काढून विकता येत नाही.

चौथं आणि सगळ्यात गंभीर कारण म्हणजे कायदा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला म्हणजे आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं.

त्याच वर्षी कायद्यात कलम 182अ जोडलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम 190 नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी वेगळी तरतूद आहे.

म्हणजे सीट कव्हर किंवा म्युझिक सिस्टीम बदलली तर सहसा कुणी अडवत नाही. पण आरसीवर ‘पांढरा’ आणि गाडी काळी, किंवा इंजिनच वेगळं असेल, तर नाव ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत अडचण येऊ शकते. खरेदीदार ही जोखीम किमतीतून वजा करतो, नाहीतर गाडी सोडून देतो.

लाखभर रनिंग म्हणजे गाडी संपली का?

नाही. जुन्या बाजारात खासगी पेट्रोल गाडीसाठी वर्षाला साधारण 10 ते 12 हजार किलोमीटर हे सामान्य रनिंग धरलं जातं. त्या हिशेबाने दहा वर्षांच्या गाडीने 1 लाख 20 हजार किलोमीटर कापले असतील, तर त्यात वावगं काही नाही. उलट जुन्या गाडीचं रनिंग फारच कमी दिसलं, तर मीटर मागे फिरवलं असेल का, अशी शंका येते.

खरेदीदार आकड्याला घाबरत नाही. ‘आता पुढचा मोठा खर्च कधी?’ हा त्याचा खरा प्रश्न असतो. त्यामुळे जास्त रनिंग असलेली गाडी विकायला काढताना या गोष्टींची उत्तरं तयार ठेवा:

- ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं क्लच पॅक किंवा मेकॅट्रॉनिक युनिट बदललंय का? कधी?
- टर्बोतून तेल गळतं का? थंड इंजिन सुरू करताना धूर किंवा खडखडाट होतो का?
- इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ केलाय का? डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनात तो साचतोच.
- सस्पेन्शनचे बुश, शॉकअब्जॉर्बर आणि ब्रेक डिस्क यांची अवस्था काय आहे?
- टायर किती जुने आहेत? टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. ‘2321’ म्हणजे 2021 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर.

प्रत्येक उत्तरासोबत बिल असेल तर उत्तम. सर्व्हिसची फाइल हीच जास्त रनिंगवाल्या गाडीची खरी किंमत आहे. शक्य असल्यास एखाद्या स्वतंत्र वर्कशॉपमधून स्कॅन रिपोर्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. थोड्या पैशांत बराच संशय मिटतो.

किंमत काढायची कशी?

पाच पायऱ्या लक्षात ठेवा.

1. तुमच्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या आणि शक्यतो तुमच्याच शहरातल्या आठ-दहा जाहिराती शोधा. फक्त कंपनी कंडिशनमधल्या गाड्याच मोजा. हो, जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे.
2. रनिंगचा फरक वजा करा.
3. येत्या सहा महिन्यांत करावंच लागेल ते काम वजा करा.
4. नुकत्याच झालेल्या मोठ्या कामाचा काही भाग मिळवा, पण बिल असेल तरच.
5. मॉडिफिकेशनचे शून्य रुपये धरा. त्याचा हिशेब वेगळा.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे फक्त गणित समजण्यासाठी आहेत, तो बाजारभाव नाही.

समजा 2016 ची गाडी आहे, रनिंग 1 लाख 20 हजार. तशीच, पण 70 हजार किलोमीटर चाललेली कंपनी कंडिशन गाडी जाहिरातीत 5,50,000 ला आहे. घासाघीस धरून ती 5,25,000 ला जाईल. जास्तीच्या रनिंगचे 50,000 वजा केले, राहिले 4,75,000. टायर आणि सस्पेन्शनच्या कामाचे 50,000 वजा केले, राहिले 4,25,000. मागच्याच वर्षी 60,000 खर्चून क्लच बदलला आहे आणि बिल हातात आहे, म्हणून निम्मे, म्हणजे 30,000 मिळवले. उत्तर आलं 4,55,000.

हा तुमचा मधला आकडा. जाहिरातीत 4,75,000 लिहा आणि 4,40,000 च्या खाली यायचं नाही हे मनाशी आधीच ठरवा.

मालकाच्या डोक्यात मात्र 4,55,000 अधिक अडीच लाख, म्हणजे 7,05,000 असतात. जाहिरात महिनोन्‌महिने पडून राहते ती याच फरकामुळे.

मग अडीच लाख बुडाले का?

सगळे नाहीत. अलॉय, स्प्रिंग आणि एक्झॉस्ट हे पार्ट काढून वेगळे विकता येतात. त्यांना खरेदीदारही बरोबर तोच मिळतो, ज्याला ते हवे आहेत.

वरच्याच उदाहरणात समजा रिमॅप आणि मजुरीचे 70,000 गेले ते गेले. उरलेल्या 1,80,000 च्या पार्टना 40 टक्के जरी मिळाले तरी 72,000 होतात. मूळ पार्ट परत बसवायचा खर्च 12,000 धरला, तर हातात 60,000 राहतात. गाडीचे 4,55,000 आणि हे 60,000 मिळून 5,15,000 झाले. शिवाय गाडी कंपनी कंडिशनमध्ये आल्यामुळे ग्राहकही वाढले.

अट एकच, मूळ पार्ट जपून ठेवलेले हवेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह मूळ एक्झॉस्ट नवा घ्यायला गेलात, तर हे सगळं गणित उलटं पडू शकतं. म्हणूनच जाणकार सांगतात, मॉडिफिकेशन करा किंवा करू नका, पण काढलेला पार्ट भंगारात देऊ नका.

रिमॅप झाल्याचं लपवायचं का?

अजिबात नाही. सॉफ्टवेअर मूळ स्थितीत आणलं, तरी आधी बदल झाल्याच्या खुणा कंट्रोल युनिटमध्ये राहू शकतात आणि चांगल्या वर्कशॉपला त्या दिसू शकतात. टोकन दिल्यानंतर खरेदीदाराला हे बाहेरून कळलं, तर सौदा तर मोडतोच, पण तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

जाहिरातीत सरळ लिहा: ‘40 हजार किलोमीटर स्टेज 1 वर चालली आहे. आता मूळ सॉफ्टवेअर आहे. पार्ट, बिल आणि स्कॅन रिपोर्ट उपलब्ध.’ अशी जाहिरात वाचून काही लोक निघून जातील. जे येतील ते गाडी पाहायला येतील, वेळ घालवायला नाही.

गाडी गेली, पैसे आले. पण व्यवहार संपला का?

अनेक जण इथेच फसतात. टीटीओ फॉर्मवर सह्या केल्या, चावी दिली आणि विषय संपला असं त्यांना वाटतं.

फेब्रुवारी 2018 मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पाहा. एका मालकाने 2007 मध्ये कार विकली. ती पुढे आणखी काही जणांकडे गेली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं. 2009 मध्ये त्या कारने झालेल्या अपघातात एकाचा जीव गेला. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं म्हणत न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर टाकली. गाडी विकून दोन वर्षं झाली होती.

वेगवान गाडी अनोळखी तरुणाच्या हातात देताना हा निकाल आठवायलाच हवा. त्यामुळे:

- फॉर्म 29 आणि 30 दोन्ही भरा. त्याच राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत.
- कोरे फॉर्म सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरलेलीच हवी.
- गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 वर एनओसी लागते. तिथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागत असल्याने परराज्यातला ग्राहक कमी भाव सांगतो.
- कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असू शकतं. फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी देऊन ते आधी काढून घ्या.
- डीलरला गाडी देत असाल, तर तो आरटीओकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा डीलरला गाडी दिल्याची माहिती फॉर्म 29सी मधून देता येते आणि गाडी त्याच्याकडे असेपर्यंत मालकाची जबाबदारी त्याच्यावर येते.
- दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.
- गाडी देताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट करा. त्या मिनिटानंतरच्या चलनांसाठी ती उपयोगी पडते.
- फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जातील.
- विमा कंपनीला कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. 50 टक्क्यांपर्यंतची ही सवलत तुमच्या पुढच्या गाडीवर वापरता येते.

काही आठवड्यांनी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. तिथे नवीन मालकाची नोंद दिसली, की मगच गाडी विकली असं म्हणा.

थोडक्यात काय, तर हौसेला मोल नसतं आणि जुन्या गाडीच्या बाजारात तर ते नसतंच. तिथे पैसे मिळतात ते कंपनी कंडिशनला, बिलांच्या फाइलला आणि स्वच्छ कागदपत्रांना. हौसेचा खर्च गाडी चालवतानाच वसूल झाला असं समजलं, तर गाडीही लवकर विकली जाते आणि रात्री झोपही लागते.