वाहनाच्या रंगावर पारदर्शक कवच : ‘पीपीएफ’चा खरा लाभ कोणत्या वाहनांना?

कोलकाता : नवी मोटार खरेदी करताना विक्रीदालनातच ग्राहकापुढे ज्या जादा वस्तूंची यादी ठेवली जाते, त्यांत आता ‘पेंट प्रोटेक्शन फिल्म’ अर्थात ‘पीपीएफ’चाही समावेश झाला आहे. वाहनाचा मूळ रंग जपणारे हे पारदर्शक आवरण चांगल्या प्रतीचे असेल, तर ते संपूर्ण मोटारीवर चढविण्यास वाहनाच्या आकारानुसार साधारणतः ६० हजार ते २ लाख रुपये खर्च येतो. लहान मोटारीच्या बाबतीत ही रक्कम वाहनाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाते. त्यामुळे आवरण चांगले की वाईट, यापेक्षा ते नेमके कोणत्या वाहनासाठी उपयुक्त आहे, हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा फरक समजून घेण्यासाठी कोलकात्यातील फोर्ट विल्यमचा परिसर सोयीचा आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी हुगळीच्या काठी उभारलेल्या या किल्ल्यात १९६३ पासून लष्कराच्या पूर्व विभागाचे, म्हणजेच ईस्टर्न कमांडचे, मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नामांतर कोकणातील जलदुर्गाच्या नावावरून ‘विजयदुर्ग’ असे करण्यात आले आणि त्याच्या ‘सेंट जॉर्ज गेट’ला ‘शिवाजी गेट’ हे नाव मिळाले. किल्ल्याभोवतीच्या मैदान परिसरातील रस्त्यांवर लष्करी ट्रक, पिवळ्या टॅक्सी, नव्याकोऱ्या एसयूव्ही, दुचाकी आणि एखादी जतन केलेली जुनी मोटारही दिसते. ऊन, पाऊस आणि दमट हवा सर्वांना सारखीच; पीपीएफचा लाभ मात्र प्रत्येकाला वेगवेगळा.

आवरण म्हणजे काय?

पीपीएफ हे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, संक्षेपाने ‘टीपीयू’, या लवचिक प्लास्टिकचे असते. त्याची जाडी साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन असते. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीवरील प्रायमर, रंग आणि सर्वांत वरचा ‘क्लिअर कोट’ हे सर्व थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजेच आवरण हे रंगाच्या एकूण जाडीपेक्षाही जाड असते. उडालेला खडा आदळला, की त्याचा आघात हे लवचिक प्लास्टिक पसरवून टाकते आणि रंगाचा टवका उडत नाही.

चांगल्या आवरणाच्या पृष्ठभागावर आणखी एक पातळ लेप असतो. धुताना किंवा फडक्याने पुसताना पडलेले बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा कोमट पाण्याच्या उष्णतेने या लेपात आपोआप भरून येतात. खोलवर गेलेला चरा मात्र भरून येत नाही. दुसऱ्या वाहनाचा धक्का, पत्र्याला पडलेला पोचा किंवा किल्लीने मुद्दाम ओढलेली रेघ यांपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही.

‘सिरॅमिक कोटिंग’ आणि पीपीएफ यांची अनेकदा गल्लत होते. सिरॅमिकचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. त्यामुळे चकाकी येते, पाणी आणि धूळ चटकन निसटते. परंतु खडीचा मार तो अडवू शकत नाही.

युद्धभूमीवरून रस्त्यावर

या आवरणाचा उगम लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या पुढच्या कडा वाळू आणि खड्यांच्या माऱ्याने झिजत असत. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची पट्टी विकसित केली. पुढे शर्यतीच्या मोटारींवर आणि त्यानंतर सामान्य मोटारींवर तिचा वापर सुरू झाला. आजही या आवरणाचे मूळ काम तेच आहे : वेगाने येणाऱ्या कणांचा मारा सोसणे. कोणत्या वाहनाला त्याचा लाभ होईल, हे या मूळ कामावरूनच ठरते.

लाभ ठरविणारे चार घटक

पहिला घटक वेग. आदळणाऱ्या खड्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीवर त्याच खड्याचा आघात सुमारे चौपट होतो.

दुसरा घटक रस्ता. बांधकाम सुरू असलेला महामार्ग, सुटी खडी आणि पुढे धावणारे मालट्रक जिथे आहेत, तिथे धोका अधिक. तिसरा घटक रंग : तो बिघडल्यास हुबेहूब दुरुस्त करता येतो का आणि किती खर्चात. चौथा घटक मालकी : वाहन किती वर्षे ठेवायचे आहे आणि विकताना मूळ रंगाला किती किंमत मिळणार आहे. हे चारही घटक जितके जुळतील, तितका पीपीएफवरचा खर्च सार्थ ठरतो.

सर्वाधिक लाभ कोणाला?

महामार्गावर नियमित धावणाऱ्या नव्या खासगी मोटारी या यादीत अग्रस्थानी येतात. कोलकात्याहून दुर्गापूरकडे किंवा सिलिगुडीकडे वरचेवर जाणारी मोटार, तसेच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग किंवा मुंबई-गोवा महामार्गावरून दर आठवड्याला ये-जा करणारी मोटार ही याची उदाहरणे होत. अशा वाहनांच्या बॉनेटची पुढची कड, पुढचा बंपर, फेंडर आणि बाजूचे आरसे यांवर दोन-तीन वर्षांत बारीक टवक्यांची नक्षी उमटते. टवका पत्र्यापर्यंत गेला, तर दमट हवेत तिथूनच गंज धरू लागतो.

बुटक्या बांध्याच्या आणि रुंद टायरच्या स्पोर्ट्स मोटारींना दुहेरी मार बसतो. पुढून येणारी खडी असतेच, शिवाय त्यांचेच टायर खडे उचलून दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या फेंडरवर फेकतात. त्यांच्या बाबतीत संपूर्ण आवरण समर्थनीय ठरते.

मॅट रंगाच्या मोटारी आणि मोटारसायकली हा वेगळा गट आहे. चकचकीत रंगावरचा ओरखडा पॉलिशने घालविता येतो. मॅट रंगाला पॉलिश केले, की तेवढाच भाग चमकू लागतो. त्यामुळे छोट्या ओरखड्यासाठीही संपूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो. अशा वाहनांसाठी मॅट पोताचे आवरण मिळते. मोत्यासारखी झाक असलेले, अनेक थरांचे रंगही गॅरेजमध्ये जुळविणे कठीण असते. गडद काळ्या रंगावर धुण्याचे ओरखडे सर्वाधिक उठून दिसतात. याउलट साध्या पांढऱ्या रंगावर ते फारसे जाणवत नाहीत आणि दुरुस्तीही तुलनेने सोपी असते.

डोंगरवाटांवर आणि रानात जाणाऱ्या चारचाकी-चालित वाहनांना झुडपांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी ओरखडतात. दरडींमुळे वारंवार विस्कळीत होणाऱ्या सिलिगुडी-गंगटोक मार्गासारख्या रस्त्यावर सुट्या दगडांचीही भर पडते. अशा वाहनांची दारे आणि चाकांवरील कमानी झाकणे हितावह ठरते.

दुचाकींचा विचार क्वचितच होतो. प्रत्यक्षात कमी खर्चात मोठा लाभ तिथेच मिळतो. मोटारसायकलच्या टाकीवर गुडघे, जाकिटाची चेन आणि टाकीवर बांधलेली पिशवी सतत घासते. टाकीच्या दोन्ही बाजू व पुढील मडगार्ड एवढाच भाग झाकला तरी मूळ रंग वर्षानुवर्षे टिकतो.

लाभ मर्यादित कोणाला?

शहरातच, ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीला खडीचा धोका अल्प असतो. तिचे शत्रू वेगळे : पार्किंगमध्ये घासणारी दुचाकी, शेजारच्या मोटारीचे उघडणारे दार, झाडाखाली पडणारी पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक. विष्ठेतील युरिक आम्ल उन्हात क्लिअर कोटवर डाग पाडते. आवरणामुळे हा डाग रंगापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. परंतु वेळीच पाण्याने धुणे हा उपाय जवळजवळ फुकट आहे. अशा मोटारीसाठी दारांच्या कडा, दाराच्या मुठीमागचे खोलगट भाग आणि सामानकक्षाचा उंबरठा एवढे झाकले तरी पुरते.

टॅक्सीचे गणित आणखी स्पष्ट आहे. उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार झालेली अँबेसेडर ही कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीची ओळख. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने महानगर क्षेत्रात १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने चालविण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे या टॅक्सी झपाट्याने कमी झाल्या. ज्या वाहनाचे आयुष्य नियमाने ठरलेले आहे आणि जे अखेरीस भंगारात जाणार आहे, त्याच्या मूळ रंगाला विक्रीच्या वेळी किंमत मिळत नाही. साधा एकरंगी पत्रा गरजेनुसार पुन्हा रंगविणे तिथे स्वस्त पडते. मालवाहू वाहनांनाही हेच लागू होते.

आवरणाचा उगम लष्करी असला, तरी लष्करी ट्रक आणि जिप्सी यांना त्याची गरज नाही. तेथे रंगाचे काम शोभा वाढविण्याचे नसून वाहन नजरेआड ठेवण्याचे असते. म्हणूनच तो निस्तेज ठेवला जातो आणि ठरावीक काळाने पुन्हा दिला जातो. प्रकाश परावर्तित करणारे चकचकीत आवरण या हेतूलाच बाधक ठरेल.

जुन्या, दुर्मिळ मोटारींच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. विंटेज मोटारींच्या रॅलीची कोलकात्यात जुनी परंपरा आहे. त्यात सहभागी होणाऱ्या मोटारींचे मोल मोठे असल्याने त्यांना आवरण हवेच, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र जुन्या पद्धतीच्या लॅकर किंवा इनॅमल रंगावर संरक्षक क्लिअर कोट नसतो आणि दशकांच्या काळात रंगाची पत्र्यावरील पकडही सैल झालेली असू शकते. आवरण काढताना त्याबरोबर रंगही निघण्याचा धोका असतो. मूळ रंग शाबूत असलेल्या विंटेज मोटारीवर आवरण न चढविणेच श्रेयस्कर.

अपघातानंतर पुन्हा रंगविलेल्या भागालाही हाच धोका असतो. नव्याने दिलेल्या रंगातील द्रावक पूर्णपणे उडून जाण्यासाठी किमान महिनाभर थांबावे लागते.

कायद्याची बाजू

पारदर्शक आवरणामुळे वाहनाचा रंग बदलत नाही. मात्र अलीकडे रंगीत पीपीएफही उपलब्ध झाले आहे. वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. त्यामुळे रंग पालटणारे आवरण लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून माहिती घेऊन नोंद अद्ययावत करणे योग्य. ‘मिलिटरी ग्रीन’ची आवड असणाऱ्यांनी विशेष दक्ष राहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे.

पीपीएफ हे पत्र्यावरील रंगासाठी असते, काचेसाठी नाही. काचेतून किती प्रकाश आरपार जावा, याचे निकष स्वतंत्र आहेत आणि काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कठोर आदेश दिलेला आहे.

खर्च करण्यापूर्वी

बाजारात पीपीएफच्या नावाखाली पीव्हीसीचे स्वस्त आवरणही विकले जाते. ते लवकर पिवळे पडते, कडक होते आणि काढताना तुकडे पडतात. त्यामुळे आवरण टीपीयूचेच आहे, हे पावतीवर लिहून घ्यावे. हमी किती वर्षांची, ती उत्पादकाची की लावून देणाऱ्याची, पिवळेपणा आणि कडा सुटणे तिच्यात येते का, हेही तपासावे.

आवरण कापण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. संगणकीय साच्यावरून आधीच कापलेले तुकडे लावले, तर मोटारीच्या पत्र्यावर पाते चालविण्याची गरज कमी होते. मोटारीवरच कापताना हात चुकला, तर ज्या रंगाच्या रक्षणासाठी खर्च केला, त्यावरच चिरा पडतो. आवरण लावण्यापूर्वी रंगावरील दोष दूर झाले पाहिजेत. राहिलेला डाग आवरणाखाली कायम राहतो. लावल्यानंतर सुमारे आठवडाभर वाहन धुऊ नये आणि पुढेही दाबाच्या पाण्याचा फवारा कडांवर जवळून मारू नये.

आवरण गंजरोधक नाही, हे विशेषतः किनारपट्टीवरील वाहनधारकांनी लक्षात ठेवावे. खाऱ्या हवेने वाहनाचा तळ, सांधे आणि दारांच्या आतील बाजू गंजतात. तेथे पीपीएफ पोहोचत नाही. त्यासाठी तळावरील गंजरोधक लेपच आवश्यक असतो.

विमा पॉलिसीत आवरणाची जादा साधन म्हणून नोंद आहे का, याचीही खात्री करावी. अपघातानंतर बंपर बदलून मिळाला, तरी त्यावरील आवरणाचा खर्च मिळेलच असे नाही. जुन्या वाहनांचे खरेदीदार रंगाची जाडी यंत्राने मोजतात. आवरणामुळे हा आकडा वाढतो आणि वाहन पुन्हा रंगविल्याचा संशय येऊ शकतो. त्यामुळे विक्रीच्या वेळी आवरणाची पावती दाखविणे हिताचे.

पीपीएफचे आयुष्य दर्जानुसार साधारण पाच ते दहा वर्षे असते. मुदत संपल्यावरही ते तसेच ठेवल्यास चिकट थर कडक होतो आणि काढणे जिकिरीचे होते. वाहन तीन वर्षांत विकायचे असेल, तर संपूर्ण आवरणाचा खर्च बहुधा वसूल होत नाही. महामार्गावर धावणाऱ्या, सात-आठ वर्षे ठेवायच्या मोटारीसाठी केवळ पुढचा भाग झाकणे हा मध्यममार्ग ठरतो. त्यासाठी संपूर्ण आवरणाच्या निम्म्याहून कमी खर्च येतो आणि जिथे खडीचा मारा सर्वाधिक असतो, तोच भाग सुरक्षित राहतो.