हमरस्ता आणि दुकानाची वाट

नागपुराहून जबलपुराकडे निघालेला मनुष्य मनसरला पोंचला, कीं उजव्या हाताला रामटेकचा फांटा लागतो. काशीहून दक्षिणेंत उतरणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. अशा तिठ्यावर आधीं पाणपोई येते, मग पानाचें दुकान, मग उपाहारगृह, आणि मोटारी आल्यावर पेट्रोलचा पंप. वाटसरू आहे तेथें विकणारा बसणारच. प्रश्न एवढाच, कीं आपल्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंत हवी तेथून वाट काढण्याचा हक्क दुकानदाराला असावा काय?

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न उठला नाहीं. मोटारीचा वेग वाढला, तेव्हां अशी प्रत्येक वाट म्हणजे अपघाताची एक जागा होऊन बसली. एक गाडी पंपाकडे वळण्यासाठीं मंदावते, दुसरी समोरून आडवी येते आणि मागून भरधांव येणाऱ्याला गति आवरत नाहीं. कडेला दारें वाढत गेलीं, कीं हमरस्त्याची बाजारगल्ली होते; मग गांवाला वळसा घालून नवा रस्ता बांधावयाचा, आणि त्याच्याहि कडेला पुन्हां दुकानें!

इंग्लंडला हें दुखणें आधीं जाणवलें. मुख्य रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आंत परवानगीवांचून बांधकाम करूं नये, रस्त्याला नवी वाटहि जोडूं नये, असा कायदा तेथें १९३५ सालीं झाला. आपल्याकडे १९४३ च्या डिसेंबरांत खुद्द नागपुरांत मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि खेड्यांचे अशी रस्त्यांची प्रतवारी लावून वीस वर्षांची योजना तेथें आंखली गेली. रस्त्यांचा हिशेब असा नागपुरास मांडला गेला. कडेचा कायदा मात्र आला मुंबईहून, आणि तोहि १९५५ सालीं. त्या वेळीं रामटेक मध्य प्रदेशांत होतें. तें मुंबई राज्यांत आलें पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरांत.

मुंबईच्या या कायद्यानें रस्त्याच्या हद्दीपलीकडे दोन रेषा कल्पिल्या, एक इमारतीची व दुसरी नियंत्रणाची. त्यांच्या आंत बांधकामाला अथवा नव्या वाटेला परवानगी हवी. त्यांतील एक अट मला फार न्यायाची वाटते : जुनी वहिवाट वळवावयाची, तर आधीं पर्यायी वाट दिली पाहिजे. ज्याची चूल त्या दारावर पेटते, त्याचा विचार कायद्याच्या भाषेंत क्वचितच इतका स्पष्ट आढळतो.

राष्ट्रीय महामार्गांसाठीं असा बंदोबस्त केंद्रानें २००२ च्या कायद्यानें केला. परवानगीवांचून वाहनानें, किंवा पांच वा अधिक माणसांच्या समूहानें पायीं, महामार्गावर येण्याचा हक्क कोणासहि नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला सहकुटुंब पायीं निघालेल्या माणसानें हें कलम वाचलें, तर तो घरीं आधीं माणसें मोजील! परवानगी मिळते, नाहीं असें नाहीं. पण पंपाला गाडीचा वेग उतरविण्यासाठीं व चढविण्यासाठीं निराळी मार्गिका बांधावी लागते. तेल कंपनीला तें परवडतें. टपरीवाल्याला कोठून परवडणार? तो परवानगीवांचूनच बसतो, आणि एखाद्या दिवशीं उठविला जातो. त्याच्या चहासाठीं रस्ता ओलांडणारा मनुष्य गाडीखालीं सांपडतो, हेंहि तितकेंच खरें. म्हणून नियम नकोच, असें मी म्हणणार नाहीं. तो दुकानें उभीं राहण्याआधीं यावयास हवा होता.

१५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच विषय दारूच्या दुकानांपुरता हातीं घेतला. दुकान महामार्गापासून ५०० मीटरांच्या आंत नको, तें रस्त्यावरून दिसूं नये आणि तेथें रस्त्यावरून थेट जातांहि येऊं नये, असा तो निकाल. केरळांत एका मद्यगृहानें दारासमोर वळणावळणाचा चक्रव्यूह उभारून अंतर भरून काढल्याची बातमी आपण वाचली असेल. पुढें २०,००० किंवा कमी वस्तीच्या गांवांसाठीं तें अंतर २२० मीटर झालें. आंकडा इंग्लंडचाच, माप तेवढें निराळें. २०१७ च्या जुलैंत नगरपालिकांच्या हद्दीला ही बंदी लागू नसल्याचा खुलासा झाला. रामटेकला १८६७ पासून नगरपालिका आहे. त्या खुलाशानंतर, एकाच रस्त्यावर पालिकेची शींव ओलांडतांच नियम बदलूं लागला.