एक्सेलमध्ये नसलेला कॉलम

मंडळी, सध्या आमच्या नाहूरच्या घरात एकच विषय चालू आहे. एमएस! दोन ठिकाणच्या अॅडमिशन हातात आहेत आणि या महिन्यात कळवायचं आहे. सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. फी, रँकिंग, शहर, राहण्याचा खर्च, नोकरीची शक्यता... प्रत्येकाला वेटेज. शेवटी दोन्हींची बेरीज जवळपास सारखीच! आई म्हणाली, "चिठ्ठ्या टाक." बाबा म्हणाले, "कर्ज किती होणार ते आधी सांग."

असो. वैतागून शीट बंद केली आणि आपल्या आवडत्या उद्योगाला लागलो, म्हणजे इतिहासाला. आपल्याआधी मराठी माणसांनी हे कसं ठरवलं?

पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये दाखल झाले. आनंदीबाई जोशी अमेरिकेला पोचल्या १८८३ मध्ये, म्हणजे त्यानंतर. तेव्हा आपल्याकडे इंजिनिअरिंग म्हणजे मुख्यतः सरकारचे रस्ते, पूल आणि कालवे. यंत्रं बनवायला शिकायचं तर वाट वेगळी शोधावी लागे. पुण्याच्याच 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाने १८८४ मध्ये एमआयटीसारखी संस्था इथे हवी असा आग्रह धरला होता.

दुसरी गोष्ट किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकला शिकायला आले. पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येईनात. चित्रकला सुटली. मग ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला गेले. १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे तो पहिली दोनेक वर्षं खपेना! १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्यांचा मुलगा शंतनुराव १९२२ मध्ये एमआयटीला गेला आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आला. (आपल्यासारखं एमएस नाही, तिथली पहिली पदवी.) ज्या वयात आम्ही सबमिशनच्या फायली कॉपी करत होतो, त्या वयात याला पक्कं माहीत होतं की आपण शिकणार ते कोणत्या कारखान्यात वापरायचं आहे. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, ती त्याच्याच पुढाकाराने.

आता तुम्ही म्हणाल, घरचा कारखाना असल्यावर काय कठीण आहे? बरोबर! माझ्या बाबांचा कारखाना नाही, गृहकर्ज आहे. पण लक्ष्मणरावांच्या मागे तरी कुठला कारखाना होता? ठरलेला कोर्स हातातून गेल्यावर त्यांनी बघितलं ते एवढंच, की आपल्याला जमतं काय आणि त्याचं करता काय येईल.

माझ्या शीटमध्ये नेमका हाच कॉलम नव्हता. काल रात्री टाकला: 'शिकून काय करणार?' आणि दोन्हीकडचे सिलॅबस पहिल्यांदाच नीट वाचले. (हो, पहिल्यांदाच. हसू नका.) मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीपुढे तो रकाना रिकामाच राहिला. दुसरीकडे मात्र एम्बेडेड सिस्टिम्सची चांगली लॅब आहे, आणि सहा वर्षं वेबसाइटी दुरुस्त करताना मला शिकायचं होतं ते हेच. रँकिंग पस्तीसने खाली. फीही थोडी कमी, पण कर्ज टळत नाही ते नाहीच.

रोज सकाळी स्लो लोकल माटुंग्याला थांबते. व्हीजेटीआय १९२३ पासून तिथे आहे. लक्ष्मणराव शिकवत तेव्हा ती भायखळ्याला होती. तरी उद्या माटुंगा आल्यावर आठवण येणारच.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगेन. पहिला प्रश्न रँकिंगचाच येणार, आणि त्यावर लोखंडी नांगराची गोष्ट कितपत चालते ते बघू!